तोडून तपासावे

शनिवारी दुपारी दोन वाजता सावधानरावांनी बायकोला आणि दहा वर्षांच्या लेकीला ओट्यासमोर रांगेत उभं केलं आणि विचारलं, "आग लागली तर बाहेर कुठून पडायचं?"

"दारातून," लेक म्हणाली.

"आणि दार अडलेलं असेल तर?"

"स्वयंपाकघराला एकच दार आहे, बाबा."

"म्हणून ते अडवायचं नसतं. गाठोड्या, ऊठ तिथून."

गाठोडं दारातच पसरलं होतं. त्याने एक कान हलवला आणि पुन्हा डोळे मिटले. ते कुत्रं घरात येऊन आठच दिवस झाले होते. सूचना ऐकून घ्यायच्या असतात, हे अजून त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

सावधानराव रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. त्यांचं खरं नाव आता फक्त त्यांच्या आईच्या आणि पगारपत्रकाच्या लक्षात होतं. कारखान्याच्या फाटकावर 'अपघाताविना दिवस' अशी पाटी होती, तशीच एक त्यांनी घरी फ्रिजशेजारी लावली होती. आज तिच्यावर खडूने ६११ लिहिलेलं होतं. त्याआधी कधीतरी बायकोचं बोट किसणीवर खरचटलं होतं. "हे काय अपघातात धरायचं?" असं ती म्हणाली होती. "असंच म्हणता म्हणता माणसं जातात," असं म्हणून त्यांनी पाटी पुसली होती.

बायको गाडी चालवायला शिकवायची. सावधानराव तिच्याकडेच शिकायला आले होते. गाडीभोवती तीन फेऱ्या मारून चारही चाकं दाबून पाहिल्याशिवाय ते आत बसत नसत, त्यामुळे तासातली चाळीस मिनिटं गाडीबाहेरच जात. चौदा महिन्यांनीही शिकवणी संपेना, तेव्हा दोघांनी लग्न करून टाकलं. अजूनही तिने "ब्रेक!" म्हटलं की ते असतील तिथे थांबत.

आजचं काम नाजूक होतं. गाठोडं जिन्याखाली पोत्यावर मुटकुळं करून पडलेलं लेकीला सापडलं होतं, आणि त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरून घरमालकीण खाली आल्या होत्या. त्या इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना मेट्रनबाईच म्हणत. त्यांच्याकडे 'सरकार' नावाचा एक धिप्पाड पिवळा बोका होता आणि वरच्या मजल्यावर त्याचाच शब्द चालायचा.

"माझी काही हरकत नाही," मेट्रनबाई म्हणाल्या होत्या. "पण सरकारांना चाललं पाहिजे. पुढच्या रविवारी अकरा वाजता कुत्रं वर आणा. सरकार जमिनीवर बसून राहिले तर कुत्रं राहील. कपाटावर चढून बसले, तर त्याच दिवशी त्याच्यासाठी दुसरं घर शोधायचं. एकदा सांगितलं की सांगितलं."

रविवार म्हणजे उद्या. आणि आठवडाभरात सरकारने गाठोड्याकडे खिडकीतून एकदाच पाहिलं होतं, तेही पाठ वळवण्यापुरतं. लेकीचा जीव टांगणीला लागला होता. सावधानरावांचाही लागला होता, पण ही गोष्ट त्यांनी कुठल्या वहीत नोंदवलेली नव्हती. रोज पहाटे कुणी उठायच्या आत ते गाठोड्याशेजारी जमिनीवर बसत आणि त्याला कारखान्यातल्या शिड्यांबद्दल सांगत. शिड्यांबद्दल इतकं मन लावून आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

युक्ती लेकीचीच होती. "सरकारला काहीतरी छान खायला पाठवू. त्याला गाठोड्याचा वास लागू दे. मग तो चिडणार नाही."

"दुकानातलं सोसत नाही त्यांना, असं बाई म्हणाल्यात," बायको म्हणाली. "घरीच करावं लागेल."

मग प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारलं. दोघांनाही चालेल असं एकच बिस्कीट होतं: उकडून काटे काढलेला मासा, उकडलेला लाल भोपळा, अंडं आणि ओट्सचं पीठ. मीठ नाही, साखर नाही. बोक्याला एका वेळी पाव बिस्कीट पुरे. आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की कांदा, लसूण, चॉकलेट, मनुका, कॉफी यांचा कणही त्यात जाता कामा नये.

'कण' हा शब्द सावधानरावांना सांगायला नको होता. त्यांनी सकाळीच कांदे, लसूण, चॉकलेटं, मनुका आणि कॉफीचा डबा भिंतीतल्या कपाटात कोंबून त्याला कारखान्यातलं लाल कुलूप ठोकलं. वर लाल चिठ्ठी अडकवली: 'धोका. उघडू नये.'

"अहो, त्यात माझी कॉफी आहे," बायको म्हणाली.

"कॉफी प्राण्यांना घातक असते."

"मी प्राणी नाही."

"म्हणून तर तुला चार वाजता मिळेल. काम संपल्यावर."

"दुसरी चावी कुठेय?"

सावधानरावांनी तिच्याकडे दुःखाने पाहिलं. "या कुलपाला दुसरी चावी नसते. धोक्याच्या जागी ज्याने कुलूप लावलं त्याच्याच अंगावर चावी असते. हाच तर सगळ्याचा पाया आहे."

चावी दोरीने त्यांच्या गळ्यात लटकत होती. पण मिक्सर सुरू करायची वेळ आली आणि त्यांना आठवलं, की फिरत्या यंत्राजवळ गळ्यात लोंबतं काही नसावं. दोरी निघाली. चावी खिशात टाकावी, तर खाद्यपदार्थांच्या कामात खिसा चालत नाही, वाकलं की वस्तू खाली पडते. म्हणून त्यांनी बिनखिशाचा ॲप्रन घातला होता. ओट्यावर ठेवावी, तर ओटा मोकळा हवा. शेवटी चावी सतत डोळ्यांसमोर राहील अशी एकच जागा उरली, म्हणजे पीठ मोजायचा रिकामा कप. त्यात चावी ठेवून ते हात धुवायला गेले.

हात वीस सेकंद धुवायचे असतात. सावधानराव डोळे मिटून मोजत असत, म्हणजे आकडा चुकत नाही. "दोन कप पीठ घे!" आठ आणि नऊच्या मध्ये ते ओरडले. बायकोने कप उचलला, भरला, परातीत उपडा केला, पुन्हा भरला, पुन्हा उपडा केला. कपात खाली काय आहे हे तिने पाहिलं नाही. गाडी शिकवणारा माणूस समोर बघतो, खाली बघत नाही.

पुढे काय झालं ते वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल. त्या स्वयंपाकघरात मात्र कुणाच्याही आलं नाही.

पीठ सावधानरावांनीच मळलं, हातमोज्यांवर हातमोजे चढवून. मध्येच ते थांबले. "काहीतरी टणक लागतंय."

"ओट्सचं पीठ आहे, गुठळी होणारच," बायको घड्याळाकडे बघत म्हणाली. अडीच झाले होते आणि कॉफीच्या आठवणीने तिचं कपाळ ठणकायला लागलं होतं.

लेकीने लाट्या केल्या आणि बोटभर लांबीची चपटी बिस्किटं थापली. प्रत्येक लाटी सावधानराव काट्यावर ठेवत. जास्त भरली तर चिमूटभर काढत, कमी भरली तर चिमूटभर लावत. प्रत्येक बिस्कीट बरोबर वीस ग्रॅमचं. एकवीसचं एक झालं, तेव्हा लेकीने चालून जाऊ द्या म्हणून खूप विनवलं, पण ते चाललं नाही. अशी तीस बिस्किटं ओव्हनमध्ये गेली. घरभर माशाचा आणि भोपळ्याचा असा काही वास सुटला, की आठ दिवसांत पहिल्यांदाच गाठोड्याने आपण होऊन दार मोकळं केलं आणि ते ओव्हनसमोर येऊन बसलं.

गार झालेलं एक बिस्कीट सावधानरावांनी तोडून पाहिलं, हुंगलं आणि गाठोड्यापुढे ठेवलं. बिस्कीट कधी गेलं ते दिसलंही नाही. फक्त शेपटी ओव्हनच्या दारावर ताशा वाजवत राहिली.

"बाबा, आवडलं! गाठोड्याला आवडलं!" लेक उड्या मारायला लागली, आणि ओल्या फरशीवर उड्या मारू नयेत हे सांगायचं सावधानराव विसरले, इतके ते खूश झाले होते.

पंधरा बिस्किटं डब्यात भरली. झाकणावर त्यांनी स्वच्छ अक्षरात चिठ्ठी चिकटवली: 'मीठ, साखर नाही. देण्यापूर्वी प्रत्येक बिस्कीट तोडून तपासावे.' चार वाजता मायलेकी डबा वर देऊन आल्या.

"काय म्हणाल्या?"

"चिठ्ठी दोनदा वाचली," बायको म्हणाली. "चष्मा लावून. मग म्हणाल्या, बघते. आता चावी द्या."

सावधानरावांनी गळ्याला हात लावला. मग ॲप्रनला, जिथे खिसा नव्हता. मग ते ओट्याजवळ गेले आणि कपात डोकावले. कप धुऊन उपडा घातलेला होता.

"या कपात चावी होती," ते म्हणाले.

"त्या कपाने तर मी पीठ…" बायको बोलता बोलता थांबली.

सावधानरावांनी कप उलटा करून झटकला.

"ती गुठळी," सावधानराव खुर्चीवर बसले. "गुठळी नव्हती ती."

"घाबरू नका. निम्मी बिस्किटं घरातच आहेत. वजन करा, चावीवालं जड भरेल."

चौदा बिस्किटं एकेक करून काट्यावर चढली. भाजून ओल उडाली होती, पण उडाली होती तीही सगळ्यांची सारखीच. एकही रेसभर इकडे नव्हतं की तिकडे नव्हतं. सावधानरावांनी डोक्याला हात लावला. "मीच चिमूट चिमूट काढून सारखी केली! जरा गबाळा असतो तर आत्ता सापडली असती."

"पंधरा वर्षांत पहिल्यांदा खरं बोललात," बायको म्हणाली, आणि तिने सरळ बिस्किटं तोडायला घेतली. चौदाच्या चौदा तोडली. ओट्यावरच्या ताटलीत तुकड्यांचा ढीग झाला, गाठोड्याच्या तोंडातून लाळेची तार लागली, पण चावी नव्हती.

म्हणजे चावी वर होती.

"त्याच्या घशात अडकली तर?" लेक छताकडे बघत म्हणाली. "सरकार मरेल. आणि मग गाठोडं जाईल."

सावधानराव उठले. "आत्ता जाऊन सांगतो. धोका ज्याला आहे त्याला ताबडतोब कळवायचं असतं."

"आधी डबा परत आणायचा, मग कळवायचं," बायको म्हणाली. "बोका वाचला पाहिजे, कुत्रंही वाचलं पाहिजे. सांगायचंच असेल तर सोमवारी सांगा."

"हे नियमात बसत नाही."

"बोका आणि कुत्रं, दोघंही नियमात बसत नाहीत. चला."

वर जाऊन घंटा वाजवली. कुणी दार उघडेना. बायकोने फोन लावला, तर तो दाराच्या आतच वाजायला लागला. मेट्रनबाई बाहेर जाताना फोन घरी ठेवत, ही त्यांची नेहमीची रीत. मग तिघं मागच्या अंगणात धावली आणि वर पाहिलं. बाईंच्या खिडकीच्या आत डबा ठेवलेला होता, आणि त्याच्या बाजूला बसून सरकार अगदी सावकाश काहीतरी चघळत होता.

"शिडी!" बायको म्हणाली.

"परवाना," सावधानराव म्हणाले.

उंचीवरच्या कामाचा परवाना म्हणजे एक पानी अर्ज. अर्जदार तेच, मंजुरी देणारेही तेच. त्यांनी स्वतःला दोन प्रश्न विचारले, दोन्हींची समाधानकारक उत्तरं दिली आणि दोन ठिकाणी दोन वेगळ्या पेनांनी सह्या केल्या. तोवर बायकोने शिडी लावून, हलवून, खाली दोन विटा अडकवून ठेवली होती. गाठोडं पायात येऊ नये म्हणून लेकीने त्याला घरात ठेवून दार ओढून घेतलं, तसं दाराचं कुलूप आपोआप लागलं. सावधानराव डोक्यावर हेल्मेट आणि कमरेला पट्टा बांधून एकेक पायरी मोजत वर चढले. त्यांनी खिडकीचं दार ढकललं, ते उघडलं, आणि ते आणि सरकार समोरासमोर आले.

सरकारने त्यांच्याकडे पाहिलं. सावधानरावांनीही पाहिलं. त्याच्या तोंडात माशाच्या बिस्किटाचा एक साधा, मऊ तुकडा होता. त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी डब्याकडे हात लांबवला.

"माझ्या खिडकीत काय करताय?"

मेट्रनबाई फाटकातून आत आल्या होत्या. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कागदाची पिशवी.

"बाई, मी…"

"आधी खाली उतरा. आणि तोंड माझ्याकडे करून नका उतरू, शिडीकडे करून उतरा. पडाल."

सावधानराव वळले. एवढ्या गडबडीतही त्यांच्या मनात आलं, की अगदी बरोबर सांगितलं. शिडीवरून उतरताना तोंड शिडीकडेच हवं. पंधरा वर्षं ते हे कामगारांना सांगत होते. त्यांना स्वतःला ते आजवर कुणीही सांगितलं नव्हतं.

ते मधल्या पायरीवर असताना बाई पुढे बोलल्या. "आणि तुम्हाला काय वाटलं, मला सापडली नसेल म्हणून? बघायला चढलात होय?"

त्यांनी पिशवीतून एक चावी काढली. ती एका नव्याकोऱ्या लाल कातडी पट्ट्याच्या कडीत अडकवलेली होती. चावीला अजून थोडं ओट्सचं पीठ लागलेलं होतं.

"तोडून तपासावे, असं लिहिलं होतंत. दोनदा वाचलं, तेव्हाच म्हटलं यात काहीतरी आहे. सहाव्या बिस्किटात निघाली." बाईंनी नाक वर ओढलं. त्यांना तशी सवय नसावी, कारण त्यांनी लगेच छत्री झटकली. "तीस वर्षं भाडेकरू ठेवतेय मी. आला भाडेकरू, की पहिल्या दिवशी काय करतो? कुलूप बदलतो. जसं काही मी त्यांची भांडी चोरायला टपलेय. आपण होऊन घराची चावी कुणी दिली नव्हती मला. तुम्ही दोघं कामावर, पोरगी शाळेत, दिवसभर कुत्र्याकडे कोण बघणार? मला तोंडाने विचारायचा तुम्हाला धीर झाला नाही, म्हणून बिस्किटातून पाठवलीत. कळत नाही का मला! आत्ता जाऊन कडी घेऊन आले तिला."

"बाई, ती चावी…" सावधानराव शिडीवरून म्हणाले.

"ब्रेक!" बायको ओरडली.

सावधानराव जागच्या जागी थांबले, एक पाय पायरीवर आणि एक अधांतरी.

लेक बाईंकडे बघत होती. तिचा चेहरा इतका उजळला होता, की सावधानरावांना वर बघवेना आणि खालीही बघवेना.

"चला, लावून बघू," बाई म्हणाल्या आणि पुढच्या दाराकडे निघाल्या. बायको त्यांच्या मागे धावली, लेक तिच्या मागे, आणि सावधानराव उरलेल्या चार पायऱ्या एकदम उतरून सगळ्यांच्या मागे. शिडी उघड्या खिडकीला टेकलेली तशीच राहिली. असं त्यांच्या हातून आयुष्यात कधी झालं नव्हतं.

दाराच्या कुलपात चावी शिरेना.

"उलटी घालून बघा," बायको म्हणाली.

"चावी सुलटी कुठून हे कळतं मला," बाई म्हणाल्या, पण त्यांनी उलटी घालून पाहिली. मग चावी डोळ्यांजवळ धरून पाहिली. मग दाराकडे पाहिलं.

"अहो, आमचं कुलूपच जरा…" बायकोने सुरुवात केली.

"ती या दाराची चावी नाही," सावधानराव म्हणाले.

"ब्रेक," बायको हळूच म्हणाली. पण या वेळी ब्रेक लागला नाही.

सावधानराव हेल्मेट काखेत धरून उभे राहिले आणि कारखान्यात देतात तसा त्यांनी सगळा अहवाल दिला. कुलूप कशाला होतं, गळ्यातली दोरी का काढली, कप कुठला, गुठळी कुठली. वीस ग्रॅमचंही सांगितलं. "तुम्हाला चावी मुद्दाम दिलेली नव्हती. तुमच्या बोक्याला धोका झाला होता आणि आम्ही तुम्हाला न सांगता डबा काढून घेणार होतो. जबाबदार मी. कुत्र्याची यात काही चूक नाही."

बाईंनी चावीवरचं पीठ बोटाने पुसलं.

"म्हणजे ही कांद्याच्या कपाटाची," त्या म्हणाल्या.

"कांदे, लसूण, चॉकलेट, मनुका आणि कॉफी," सावधानराव म्हणाले. अहवाल पूर्ण असावा लागतो.

बाईंनी कडीतून चावी सोडवली आणि त्यांच्या हातावर ठेवली. "कडी माझी आहे," त्या म्हणाल्या आणि रिकामी कडी मुठीत मिटून घेतली. "उद्या अकरा वाजता कुत्रं घेऊन या. ठरलंय तसं." त्यांचा आवाज पुन्हा इस्पितळातला झाला होता. लेकीने खाली मान घातली.

बाई जिन्याकडे वळल्या. त्यांची ती मिटलेली मूठ सावधानरावांना बघवली नाही.

"बाई, थांबा." त्यांनी बाहेर पडताना पँटच्या खिशात टाकलेल्या स्वतःच्या चाव्या काढल्या आणि त्यातली एक सोडवायला लागले. "ही आमच्या दाराची. बिस्किटातून नाही, हातात देतोय. उद्या सरकार कपाटावर चढला तरी ही तुमच्याकडेच राहू दे."

"का?"

"तोंड शिडीकडे करून उतरा म्हणालात," सावधानराव म्हणाले. "चोर समजायला हवं होतं तुम्ही मला. पण तुम्ही आधी पडाल म्हणालात. असं बघणाऱ्या माणसाकडे घराची चावी असावी."

बाईंनी चावी घेतली, कडीत अडकवली आणि दारात घातली. ती फिरली. दार उघडलं.

दारातून थेट स्वयंपाकघर दिसत होतं. ओव्हन चालू असला की खिडकी उघडी ठेवायची, हा सावधानरावांचाच नियम होता, आणि ती अजून उघडीच होती. वरच्या उघड्या खिडकीपासून शिडी अंगणात उतरली होती, आणि शिडीवरून सरकार उतरला होता. तोंड कुठे करून ते कुणी पाहिलं नाही. आत्ता तो ओट्यावर तुकड्यांच्या ताटलीशेजारी बसला होता. एक तुकडा तो स्वतः खाई आणि दुसरा पंजाने खाली ढकलून देई. खाली गाठोडं तोंड वासून उभं होतं. एकही तुकडा जमिनीवर पडत नव्हता.

चौघंही दारातच उभी राहिली. ढिगातला शेवटचा तुकडाही सरकारने खाली ढकलला, गाठोड्याने तो वरच्या वर झेलला, आणि मग सरकारने खाली उडी मारून गाठोड्याच्या कानाचा वास घेतला.

"कपाटावर चढला नाही," लेक कुजबुजली.

"ओट्यावर होता," सावधानराव म्हणाले. राहवेना त्यांना.

"ओट्याचं काही ठरलं नव्हतं," मेट्रनबाई म्हणाल्या. "आणि आता उद्या अकराला वर यायचं कारण नाही. मीच खाली येईन. चावी आहे माझ्याकडे."

लेकीने त्यांना मिठी मारली, आणि बाईंनी छत्रीसकट ती मारू दिली. बायकोने नवऱ्याच्या हातातून लाल कुलपाची चावी हिसकावून कपाट उघडलं आणि चौथ्या मिनिटाला घरात कॉफीचा वास दरवळला. सावधानराव मात्र फ्रिजजवळ गेले आणि पाटीवरचं ६११ पुसून त्यांनी तिथे शून्य लिहिलं.

"कोण मेलं?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"शिडी उभी सोडून आलो," ते म्हणाले. पण त्या शून्याइतका आनंदाने काढलेला आकडा त्या पाटीवर आधी कधी नव्हता.

पुढच्या रविवारी पाटीवर ८ होते, आणि वरून एक डबा खाली आला. मेट्रनबाईंनी गाठोड्यासाठी बिस्किटं केली होती, डॉक्टरांच्या यादीप्रमाणे, बिनमिठाची. झाकणावर त्यांच्या ठसठशीत अक्षरातली चिठ्ठी होती: 'देण्यापूर्वी प्रत्येक बिस्कीट तोडून तपासावे.'

"नुसतं तुमचंच वाक्य लिहिलंय," बायको म्हणाली. "द्या आता त्याला."

सावधानरावांनी हात धुतले, वीस सेकंद, या वेळी डोळे उघडे ठेवून. मग ते बिस्किटं तोडायला बसले. सहाव्या बिस्किटात काहीतरी लागलं. कागदाची घट्ट पुरचुंडी होती. आत एक चावी होती, घासूनपुसून लख्ख केलेली, आणि कागदावर लिहिलेलं होतं: 'वरच्या दाराची. उकळून घेतली आहे. पुन्हा शिडी लावू नये.'

सावधानरावांनी चावी मुठीत धरली आणि चष्मा काढून पुसला. तो धुरकट झालाय असं ते म्हणाले, पण ओव्हन तर बंद होता. लेकीने विचारलं, "बाबा, रडताय?" ते नाही म्हणाले नाहीत, कारण खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

मग ते उठले, पाटीपाशी गेले आणि ८ पुसून पुन्हा शून्य लिहिलं. बिस्किटात चावी सापडली होती. नियम म्हणजे नियम.